पानगळ सरताना बास लागेनासा झाला, तर कुठल्या क्रमाने काय तपासावं

सप्टेंबरात काठालगतच्या पाणगवतात लूर (खोटं आमिष) पडताक्षणी तुटून पडणारा बास मासा पानगळ सरत आली की दिसेनासा होतो. तळं तेच, रॉड तोच, हात तोच, आणि दिवस कोरडा. उत्तर गोलार्धात साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून काठाला बर्फ धरेपर्यंत ही तक्रार दरवर्षी येते आणि ती सोडवायला मी अनेकांच्या बोटीत बसलो आहे. जवळपास प्रत्येक जण पहिला उपाय एकच करतो: पेटी उघडून दुसरं लूर बांधतो. माझं ठाम मत असं, की लूरवर संशय बऱ्याच उशिरा घ्यावा. पाणी किती थंड झालंय, ते थरांत आहे की ढवळलंय, आणि त्या थंडीला साजेशा वेगाने आपण गरवतोय का, एवढं नीट बघितलं की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. या तपासण्यांना खर्चही जवळजवळ नाही.

इथे बास म्हणजे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. दोघेही मूळचे उत्तर अमेरिकेतले, सनफिशच्या कुळातले. उन्हाळ्यात दोघांचं वागणं पुष्कळ सारखं असतं, पण थंडी वाढली की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून आपल्या तळ्यात कोणता आहे हे आधी माहीत हवं.

आधी लक्षण ओळखा

"मासा लागत नाही" हे एक वाक्य झालं, पण त्याखाली निरनिराळे बिघाड असतात. तुमचा कोणता ते ठरवा.

पहिलं लक्षण: दोन आठवड्यांपूर्वीच्या सगळ्या हुकमी जागा एकदम मेल्या. एक टोचसुद्धा नाही. पाणी हिरवट-तपकिरी, गढूळ, वर काडीकचरा आणि कुजक्या गवताचे तुकडे तरंगताहेत, कधी कुजक्या अंड्यासारखा वास. हे पाण्याचं कारण आहे. तपासणी १ कडे जा.

दुसरं: सकाळचे चार-पाच तास काहीच नाही, आणि आवरून निघताना इतर बोटींना मासे लागताना दिसतात. तपासणी २.

तिसरं: मासा मागे येतो, बोटीजवळ दिसतो आणि वळून जातो, किंवा फिश फाइंडरवर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) मासे दिसतात, पण तोंड उघडत नाहीत. बहुतेक वेळा तपासणी ३. तिथे जमलं नाही तर ६ आणि ७.

चौथं: एक मासा लागतो आणि मग तासन् तास शांतता, जागा बदलली तरी शांतता. तपासणी ४.

पाचवं: लाइन (गळाची दोरी) किंचित जड वाटते, हलकी टोच येते, झटका दिला की गळ रिकामा, किंवा लागलेला मासा अर्ध्या वाटेत सुटतो. तपासणी ५.

दोन लक्षणं एकत्र असतील तर आधीच्या क्रमांकापासूनच सुरू करा. खालचा क्रम स्वस्तापासून महागाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे जातो. पहिली तपासणी टाळून चौथीवर उडी मारणाऱ्यांचा सगळा दिवस चुकीच्या पाण्यात जातो.

तपासणी १: पाण्याचं तापमान, वरचं आणि खालचं

पन्नासेक अंशांपर्यंत मोजणारा साधा द्रव-थर्मामीटर पुरे. वरच्या पाण्याचं तापमान घ्या. मग थर्मामीटर झाकणाला भोकं पाडलेल्या लहान डबीत ठेवा, डबीला शिसं बांधा, ती वीस-पंचवीस फूट खाली सोडा आणि तीन-चार मिनिटं तिथेच राहू द्या. वर ओढताना डबीतलं पाणी थर्मामीटरभोवती राहतं, म्हणून आकडा फारसा बदलत नाही. लगेच वाचा.

हे का करायचं? उन्हाळ्यात खोल तळ्यांत पाण्याचे थर पडलेले असतात. वर गरम, हलकं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी. खाली थंड, जड आणि सुपीक तळ्यांत तर प्राणवायू जवळपास संपलेलं पाणी. आणि दोन्हींच्या मधे तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा. बास या पट्ट्याच्या वरच राहतो. थंडी सुरू झाली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, थर वरून पातळ होत जातात, आणि वरचं-खालचं तापमान सारखं होत आलं की एखाददुसरा वाऱ्याचा दिवस सगळं तळं ढवळून काढतो. वरचं पाणी १५ ते १० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आल्यावर हे सहसा घडतं. तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी, तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू आणि सडलेला गाळ वर येतो. कुजका वास त्याचाच.

वरचा आणि खालचा आकडा एक-दीड अंशाच्या आत असेल, पाणी गढूळ असेल आणि वास येत असेल, तर तळं नुकतंच उलटलंय किंवा उलटतंय. या काळात बास सगळीकडे पांगलेला आणि सुस्त असतो. त्या पाण्यात लूर बदलत बसण्यात अर्थ नाही. तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत.

एक, त्याच जलाशयाचा दुसरा भाग धरा. लांबलचक जलाशयात वरच्या अंगाचे उथळ फाटे (बाजूला शिरलेले पाण्याचे अरुंद भाग) आधी गार होतात आणि आधी सावरतात. धरणाजवळचं खोल पाणी नंतर उलटतं. एक टोक बिघडलेलं असताना दुसरं चांगलं असू शकतं. ओढा किंवा नदी येऊन मिळते ती जागाही बघा, कारण तिथे ताजं पाणी सतत येत असतं.

दोन, एखादं उथळ तळं गाठा. वारा ज्यांना उन्हाळाभर ढवळत ठेवतो त्या तळ्यांत मुळात थरच धरत नाहीत, त्यामुळे उलटण्याचा प्रश्न येत नाही.

तीन, थांबा. साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत पाणी निवळतं. त्यानंतरचा काळ माझ्या मते वर्षातल्या सर्वांत चांगल्या काळांपैकी आहे, कारण आता प्राणवायू तळापर्यंत पोचलेला असतो आणि मासा हव्या त्या खोलीवर जाऊ शकतो. मोठे बास हिवाळी ठिकाणांच्या तोंडाशी गोळा व्हायला लागतात.

पाणी स्वच्छ असेल आणि वास नसेल, तर उरलेल्या तपासण्यांसाठी फक्त वरचा आकडा लक्षात ठेवा. १५ ते १० अंशांत बास अजून पाठलाग करतो. १० ते ७ मध्ये तो जवळ आलेलं खातो, लांब जात नाही. ७ च्या खाली आमिष जवळजवळ नाकासमोर ठेवावं लागतं. हे आकडे काटेकोर सीमारेषा नाहीत. एकेका अंशाने वागणं हळूहळू सरकत जातं.

फिश फाइंडरवरच्या तापमानावर विसंबायचं असेल तर ते एकदा हातातल्या थर्मामीटरशी ताडून घ्या. त्यातला सेन्सर दोन अंशांनी चुकला तर तुमचा पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो.

तपासणी २: घड्याळ

उन्हाळ्याची सवय म्हणजे पहाटे तांबडं फुटायच्या आत पाण्यावर असणं. पानगळीच्या शेवटी ही सवय तोट्याची ठरते. रात्रभर वरचं पाणी गार झालेलं असतं आणि सकाळी ते दिवसातलं सर्वांत थंड असतं. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत, विशेषतः ऊन पडणाऱ्या खडकाळ काठावर, उथळ पाणी एक-दोन अंशांनी वाढतं. आपल्याला ही वाढ जाणवतही नाही. माशाचं शरीर मात्र पाण्याच्याच तापमानाचं असतं, त्यामुळे त्याची भूक आणि हालचाल त्याबरोबर बदलते.

म्हणून सकाळ खोल पाण्यात घालवा आणि दुपारी उथळाकडे या. काळा खडक, बांधाचे दगड आणि गडद चिखल ऊन जास्त शोषतात. सलग दोन-तीन उबदार, ढगाळ, वाऱ्याचे दिवस आले की घरची कामं पुढे ढकला. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर आकाश निरभ्र आणि पाणी आरसा झालेलं असतं. तो सगळ्यात कठीण दिवस. गरवायचंच असेल तर आणखी खोल जा आणि वेग आणखी कमी करा.

तपासणी ३: तुमचा वेग

मागे येऊन वळणारा मासा तुम्हाला स्पष्ट काहीतरी सांगत असतो. लूर त्याला दिसलं, पटलं, पण ते मिळवायला लागणारी ताकद खर्च करणं परवडलं नाही. थंड पाण्यात चयापचय मंदावतो, अन्न पचायला जास्त वेळ लागतो, स्नायूही हळू चालतात. शिकार थांबलेली दिसली तरच तो पुढे येतो.

थांबून तरंगणारं जर्कबेट (झटके देत चालवायचं माशासारखं लूर) हा या हंगामाचा कणा आहे. दोन हलके झटके आणि मग विराम. पाणी १० अंशांवर असताना चार-पाच सेकंदांचा विराम, ७ अंशांवर दहा सेकंद, त्याखाली त्याहूनही जास्त. हे सेकंद घड्याळात बघून मोजा. गारठ्यात मनातली मोजणी नेहमी पळते. दहा म्हणेपर्यंत खरे पाच-सहाच झालेले असतात. तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या हातात घड्याळ दिलं आणि दुसरं काहीही न बदलता मासा लागला, असं इतक्यांदा बघितलंय की मी आता हीच गोष्ट आधी करायला लावतो.

विरामात लाइन किंचित ढिली ठेवा. ताणून धरली तर लूर पुढे सरकत राहतं आणि थांबण्याचा उपयोगच संपतो. पुढचा झटका देण्याआधी हळूच ताण घेऊन बघा. जड लागलं तर मासा आधीच तोंडात धरून बसलेला असतो.

क्रँकबेट (रीळ सतत फिरवत ओढायचं लूर) वापरत असाल तर रिळाचा वेगही बघा. ७:१ च्या रिळावर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल सात वेळा फिरतो अशा रिळावर, एका फेऱ्यात साधारण पाऊण मीटर लाइन येते, ५:१ च्या रिळावर त्याहून बरीच कमी. आपण हळू फिरवतोय असं वाटत असताना वेगवान रीळ लूर पळवत असतं. जुनं, संथ रीळ माळ्यावर पडलं असेल तर ते या दिवसांत काढा.

तळावरून ओढायच्या जिगला (शिशाचं डोकं असलेल्या गळाला) उचलून टाकू नका. रॉड आडवा धरून दगडांवरून सरकवा, थांबा, पुन्हा सरकवा.

तपासणी ४: जागा आणि खाद्य

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण पाणी आणि वेग बरोबर असूनही दिवस कोरडा जात असेल तर मासा तुमच्या खाली नाही. उन्हाळ्यात बास तळंभर विखुरलेला असतो. पानगळ सरताना तो थोड्याच जागी दाटतो आणि तळ्याचा बाकीचा बहुतेक भाग रिकामा होतो. म्हणूनच एका जागी एक लागला की तिथून हलायचं नाही. खुणेचा तरंगता बोया टाका किंवा जीपीएसवर जागा नोंदवा आणि वेगवेगळ्या कोनांतून तीच जागा पिंजून काढा. चौथ्या लक्षणाचे बळी बहुतेक वेळा एक मासा काढून खुशीत पुढे निघून गेलेले असतात.

जागा शोधताना एकच निकष धरा: उथळ आणि खोल पाणी एकमेकांच्या किती जवळ आहे. बासला उबदार दुपारी वर यायचं असतं आणि थंडीची लाट आली की खाली जायचं असतं, आणि या ये-जा करण्यात त्याला ताकद घालवायची नसते. त्यामुळे लांब, संथ उताराचे काठ सोडा. पाण्यात घुसलेली जमिनीची सोंड आणि तिच्या टोकाला एकदम तुटणारी कडा. जुन्या नदीपात्राचं वळण जिथे काठाला खेटून जातं. उभा कातळ संपून गोट्यांचा उतार सुरू होतो तो सांधा. बांधाच्या दगडांची रांग. नकाशावर खोलीच्या रेषा दाटून आलेल्या जागांवर आदल्या रात्रीच खुणा करून ठेवा.

मग पाणगवत. गळ टाकून एक काडी उपटून वर काढा. हिरवी, कुरकुरीत असेल तर तिथे थांबा. तपकिरी, लिबलिबीत असेल तर पुढे चला, कारण कुजणारं गवत प्राणवायू देण्याऐवजी खातं, आणि खाद्य-मासे तिथून आधी निघून गेलेले असतात. तळ्यातला शेवटचा हिरवा पट्टा सहसा थोड्या खोल बाजूला असतो आणि लार्जमाउथ तिथे पार बर्फ धरेपर्यंत टिकून राहतो. स्मॉलमाउथचं गणित वेगळं. तो उथळ खडक सोडून पंचवीस ते पंचेचाळीस फुटांवरच्या कठीण तळाच्या कडांवर थवे करून बसतो, आणि हिवाळी ठिकाण गाठायला मोठ्या तळ्यांत काही किलोमीटरही पोहतो. ज्या सोंडेवर जूनमध्ये स्मॉलमाउथ मिळाला तिथेच नोव्हेंबरात तो मिळेल, अशी आशा धरू नका. मात्र त्याच सोंडेचं सर्वांत खोल टोक बघून घ्या.

खाद्य कुठे आहे, हा जागेचा दुसरा अर्धा भाग. अमेरिकेत दक्षिणेकडच्या जलाशयांत शाड मासळी पानगळीत फाट्यांच्या आत शिरते, बास तिच्या मागे जातो, आणि थंडी वाढली की दोघेही फाट्याच्या तोंडाकडे, खोल पाण्याकडे परततात. थ्रेडफिन शाडला थंडी अजिबात सोसत नाही. पाणी ७ अंशांच्या आसपास उतरलं की ती गलितगात्र होते, कुशीवर पडते, थरथरत खाली बसते. जर्कबेटचा लांब विराम आणि सरळ खाली सोडलेला धातूचा स्पून (चमच्यासारखं लूर) या दिवसांत का चालतो, याचं कारण हेच: दोन्ही त्या मरत्या शाडसारखे दिसतात. उत्तरेकडच्या तळ्यांत शाड नसेल तिथे यलो पर्च आणि इतर लहान मासळी हे काम करते.

पाणबुड्या पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. ग्रीब किंवा लून एकाच भागात पुन्हा पुन्हा बुडी मारत असतील, समुद्रपक्षी पाण्यावर घिरट्या घालत असतील, तर खाली मासळीचा थवा आहे. अर्धा तास फिरून एकही पक्षी नाही, फिश फाइंडरवर थव्याचा एकही ढग नाही, तर तो फाटा सोडा. दिसायला कितीही सुंदर असला तरी सोडा.

तपासणी ५: गळ, लाइन, रीळ

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बदला किंवा घासा. थंड पाण्यात मासा लूर ओढून नेत नाही, फक्त तोंडात धरतो, त्यामुळे गळाला स्वतःहून रुतावं लागतं. बोथट गळ उन्हाळ्यात चालून जातो, आता नाही.

लाइन. फ्लोरोकार्बन पाण्यात बुडते, म्हणून खोल जर्कबेट आणि तळावरच्या जिगसाठी ती बरी. नायलॉनचा तंगूस पाण्यापेक्षा किंचितच जड, त्यामुळे उथळात चालतो. विणलेली लाइन तरंगते आणि जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे टोच लगेच कळते. पण ती पाणी धरून ठेवते आणि शून्याखालच्या हवेत रॉडच्या कड्यांत बर्फ करते. विणलेली वापरायचीच असेल तर पुढे दहा-बारा फूट फ्लोरोकार्बन जोडा. जर्कबेटला ८ ते १० पौंडी (तेवढं वजन पेलणारी) आणि हलक्या आमिषांना ६ ते ८ पौंडी लाइन पुरते. जाड लाइन लूरची चाल आणि खोली दोन्ही मारते.

लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन सुटत असेल तर टोच कळणारच नाही. निघण्याआधी स्पूल थोडा वेळ कोमट पाण्यात बुडवून ठेवा, किंवा काठावर लाइनचं टोक कशाला तरी बांधून पन्नासेक फूट ताणून धरा.

कड्यांत बर्फ साचला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून तो वितळवा. बोटाने किंवा नखाने फोडू नका. कड्यातलं सिरॅमिकचं वर्तुळ तडकू शकतं आणि पुढचा मासा लाइन कापून नेतो.

मासे अर्ध्यावर सुटत असतील तर ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा लाइन बेताने सोडणारा रिळाचा ब्रेक) बघा. थंडीत ड्रॅगच्या चकत्या चिकटतात. पहिला झटका घट्ट बसतो आणि एकदम सुटतो. दिवसाच्या सुरुवातीला आणि दर तासाला हाताने दोन हात लाइन ओढून ड्रॅग मोकळा करा. रिळाचं हँडल जड फिरत असेल तर आतलं ग्रीस थंडीने घट्ट झालंय. बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्या.

तपासणी ६: जर्कबेट खरंच थांबतंय का

थंड पाणी अधिक दाट, म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक जड, असतं. ४ अंशांवर ते सर्वाधिक दाट होतं. उन्हाळ्यात अगदी स्थिर तरंगणारं जर्कबेट आता विरामात हळूहळू वर चढू शकतं, आणि मरता मासा वर चढत जातो असं बासला पटत नाही. बोटीजवळ, स्वच्छ पाण्यात, ज्या लाइनवर गरवणार त्याच लाइनवर बांधून बघा. दोन हात खाली ओढा, थांबा, आणि बघत राहा. ते जागीच राहायला हवं, किंवा नाक जरा खाली करून अगदी सावकाश बुडायला हवं.

वर चढत असेल तर पुढच्या गळाच्या जवळ पोटाला शिशाची चिकटपट्टी लावा, किंवा गळाच्या दांड्यावर शिशाची तार गुंडाळा, किंवा एक आकार मोठा गळ लावा. चिमूटभर वजन पुरतं. घरच्या बादलीत बघून खात्री करू नका; ते पाणी तळ्याइतकं थंड नसतं. हे झाल्यावरही मासा वळत असेल, तेव्हाच रंग आणि आकार बदला. निवळ पाण्यात पारदर्शक किंवा चंदेरी, गढुळात पांढरं किंवा भडक.

तपासणी ७: फिश फाइंडर काय दाखवतोय

ही शेवटची आणि महागडी पायरी. फिश फाइंडर सोनारवर, म्हणजे खाली सोडलेल्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवर, चालतो. साध्या यंत्राच्या २० अंशांच्या ध्वनिशंकूचा तळावरचा व्यास खोलीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. तीस फुटांवर जेमतेम दहा फुटांचं वर्तुळ. बोट वाऱ्याने पंधरा फूट सरकली की तुम्ही दुसऱ्याच पाण्यावर आहात. स्पून सरळ खाली सोडा आणि पडद्यावर त्याची उतरती रेघ दिसते का बघा. दिसत नसेल तर संवेदनशीलता वाढवा, ट्रान्सड्यूसरवरचं (ध्वनी सोडणाऱ्या भागावरचं) शेवाळ पुसा, तो सरळ खाली बघतोय ना ते तपासा. तीव्र उतारावर तळाला चिकटून बसलेला मासा शंकूच्या कडेच्या परताव्यात लपतो, म्हणून पडदा रिकामा दिसला तरी कड्याच्या पायथ्याशी दोन-चारदा स्पून सोडूनच निघा.

मासे दिसताहेत आणि वीस मिनिटं वेगवेगळ्या आमिषांकडे एकही हलत नाही, तर ते बास नसण्याची शक्यता मोठी आहे. कार्प आणि इतर मासेही असेच थवे करतात. पुढे चला.

पडदा मधेच बंद पडत असेल तर आधी बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता शून्य अंशाजवळ स्पष्ट घटते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी गोठणबिंदूच्या खाली चार्ज करू नका. ती घरात आणून उबदार होऊ द्या, मग चार्जर लावा.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा

काठाजवळचं पाणी १० अंशांच्या खाली असताना बोटीत लाइफ जॅकेट अंगात हवं. बाकाखाली ठेवलेलं कामाचं नाही. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास हाताबाहेर जातो, पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण तासाभरात शरीर बेशुद्धीकडे जातं. बोटं इतकी बधिर झाली की गाठ मारता येत नाही, किंवा थरथर थांबत नाही, तर दिवस संपला. तिथून सरळ किनारा. एकट्याने जात असाल तर कुठे जातोय आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघा. काठाला पहिला बर्फ धरला असेल तर त्यावर पाय ठेवून पाणी गाठू नका.

गळ बोटात, नखाशेजारी, सांध्यात किंवा डोळ्याजवळ रुतला तर ओढू नका. लाइन कापा, गळ हलणार नाही असा बांधा आणि डॉक्टरकडे जा. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते त्यांना सांगा.

इंजिनाच्या खालच्या गिअरपेटीतलं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. ते गोठलं की पेटी तडकते. सील स्वतः खोलून बघू नका, पहिली कडाक्याची रात्र यायच्या आत मेकॅनिककडे द्या. वायर गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल तर बॅटरी सोडवा आणि तिथेच थांबा.

तीस फुटांहून खोल पाण्यातून वर काढलेल्या बासची हवेची पिशवी फुगते. तो उलटा तरंगतो, खाली जाता येत नाही. सुई टोचून हवा काढायचा प्रकार शिकलेल्यानेच करावा. चुकीच्या जागी टोचलेली सुई माशाला मारते. वजन लावून खाली सोडायचं साधन जवळ असेल तर ते वापरा, नसेल तर तो थवा सोडून उथळ जागा धरा. हवा शून्याखाली असेल तर फोटोसाठीही मासा पाण्याबाहेर ठेवू नका. कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठायला लागतात.

मेलेले मासे मोठ्या संख्येने तरंगताना दिसले तर ते उचलू नका, खाण्याचा तर प्रश्नच नाही. तळं उलटताना प्राणवायू कमी पडून असं होऊ शकतं, रोगाने किंवा विषानेही होऊ शकतं, आणि फरक काठावरून कळत नाही. फोटो, जागा, वेळ आणि पाण्याचं तापमान मत्स्य विभागाला कळवा. हंगाम, परवाना आणि मासा सोडण्या-ठेवण्याचे नियम त्याच विभागाकडून आधीच विचारून घ्या, कारण ते ठिकाणागणिक उलटे असतात. जपानमध्ये २००५ पासून लार्जमाउथ हा परक्या उपद्रवी प्रजातींच्या कायद्याखाली येतो आणि तो जिवंत वाहून नेता येत नाही. त्याच्या मायभूमीत अनेक तळ्यांवर तो सोडून देण्याचीच अपेक्षा असते.

आणि सातही तपासण्या वेगवेगळ्या हवामानाच्या दिवशी करून पाहिल्या, तरीही कोरडंच, तर त्या तळ्यावर रोज जाणाऱ्या गाइडचा एक दिवस घ्या. त्याच्याकडून जागा मागू नका. ती पुढच्या आठवड्यात बदलेल. वरचं पाणी किती अंशांवर असताना मासा कुठल्या खोलीवर सरकतो, कोणत्या फाट्यातून खाद्य शेवटी निघतं, आणि तो स्वतः लूर किती सेकंद थांबवतो, हे तीन प्रश्न विचारा आणि तिथेच वहीत लिहून घ्या.